शेपूट येईपर्यंत

ट्रकमधून गाडी उतरवून चष्मेवाला मुक्कामाच्या अंगणात शिरला तेव्हा बाकीची मंडळी हातपाय धुऊन निवांत बसली होती. त्याला पाहताच सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जुन्या मोटारसायकलींच्या दुनियेत गाडीवर बसून जाणं ही नेहमीची गोष्ट, पण गाडीला ट्रकवर बसवून आणावं लागलं की त्या माणसाची वर्षभर टिंगल होते. बेकरीवाला तर त्याच्या जुन्या गाडीकडे बघत म्हणाला, म्हातारीला अगदी कडेवर घेऊन आलास की. मग त्याने फाटकाकडे नजर टाकली आणि सहज विचारलं, "सिग्नलकाका कुठेत?"

"म्हणजे? बाबा तुमच्याबरोबर नाहीत?" चष्मेवाल्याने विचारलं.

टाळ्या विरल्या. कुणीतरी उगाच पडवीत डोकावून आलं. अंगणात ओळीने लावलेल्या गाड्यांत बाबांची गाडी नव्हती, हे दोनदा बघण्यासारखं काही नव्हतं, तरी चष्मेवाल्याने ते दोनदा बघितलं.

त्या टोळीचा एकच नियम होता, पण तो पक्का होता. पुढे बेकरीवाला, कारण रस्ता त्याला पाठ. सगळ्यात मागे 'शेपूट', म्हणजे ज्याच्या हाताला दुरुस्तीची अक्कल आहे असा माणूस. वाटेत फाटा आला की बेकरीवाल्याच्या लगेच मागे जो असेल त्याने तिथे उतरायचं, सगळ्यांना दिसेल असं उभं राहायचं आणि हाताने रस्ता दाखवायचा. एकेक गाडी त्याच्यासमोरून जाते. सगळ्यात शेवटी शेपूट येतं, मान डोलावतं, आणि मग दोघं मिळून पुढे निघतात. वळणावरच्या माणसाने ऊन म्हणायचं नाही, तहान म्हणायची नाही. शेपूट येईपर्यंत जागचं हलायचं नाही. या नियमावर टोळी वर्षानुवर्षं फिरली होती आणि आजवर एकही माणूस हरवला नव्हता.

शेवटच्या फाट्यावर बाबा उभे राहिले होते. आणि शेपूट होता चष्मेवाला, त्यांचा सख्खा मुलगा.

शेपूट त्या फाट्यावरून गेलंही होतं. ट्रकच्या हौद्यात, ताडपत्रीखाली, घोरत.

झालं होतं असं. घाटात म्हातारीच्या मॅग्नेटोने मान टाकली. ठिणगीच येईना. चष्मेवाल्याने प्लग खोलायला घेतला, पाना सटकला आणि बोटाचं सालटं निघालं. खिशात चष्मे पुसायचं पिवळं फडकं होतं, त्याने रक्त पुसलं आणि रागाने ते तिथेच कठड्यावर टाकलं. तेवढ्यात भुशाच्या पोत्यांचा एक ट्रक थांबला. ट्रकवाला भला माणूस, त्याने गाडी वर चढवून पोत्यांच्या मागे उभी बांधून दिली. केबिनमध्ये त्याचं कुटुंब बसलेलं, म्हणून चष्मेवाला पुढच्या पोत्यांवर आडवा झाला. वारं झोंबत होतं, त्याने ताडपत्री अंगावर ओढली. फाटा आला की केबिनच्या पत्र्यावर थापा मारायच्या, ट्रक थांबवायचा आणि बाबांना सांगायचं, असं त्याने अगदी मनाशी ठरवलं होतं. आदल्या रात्री टोळीतल्या एका वकिलाच्या गाडीचा क्लच दुरुस्त करताना जागरण झालं होतं आणि भुसा मऊ होता. गावभर लोकांचे डोळे तपासत फिरणाऱ्या माणसाचे डोळे नेमके तिथे मिटले. ट्रकवाल्याने हलवून उठवलं तेव्हा मुक्काम आला होता, आणि ट्रकावरची गाडी पाहून बाबा पुढे आले असतील असं त्याने धरलं.

डॉक्टरीणबाईंनी, म्हणजे टोळीतल्या जनावरांच्या डॉक्टरने, शहाणपणाची गोष्ट केली. त्यांनी बाबांना फोन लावला. फोन वाजला. चष्मेवाल्याच्या गाडीला लटकवलेल्या चामडी पिशवीत वाजला.

बाबांच्या गाडीला आई 'सवत' म्हणायची, कारण ती लग्नाआधीपासून घरात होती. सवत इतकी थरथरायची की एक फोन तिने खिळखिळा करून टाकला होता. तेव्हापासून सहलीत बाबांचा फोन मुलाच्या पिशवीत असे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण त्याने आयुष्यभर दुसऱ्यांवर वापरली होती. आज ती त्याच्याच पिशवीत वाजत होती.

"अरे, असतील उभे तिथेच," बेकरीवाला म्हणाला. "सिग्नलकाका आहेत ते. हलायचे नाहीत."

तीच तर भीती होती. बाबांची सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये गेली. गाडी धडधडत गेली एवढ्यावर सिग्नलवाल्याचं भागत नाही. शेवटच्या डब्यामागचा लाल दिवा त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिला पाहिजे, तेव्हा गाडी पूर्ण गेली असं धरायचं. टोळीचा नियम पहिल्यांदा ऐकला तेव्हा बाबा एवढंच म्हणाले होते, की यात नवीन काय आहे. मुलगा जन्मला त्या दिवशीसुद्धा त्यांनी केबिन सोडली नव्हती. बदलीचा माणूस आला नाही, म्हणून पोराचं तोंड त्यांनी दुसऱ्या दिवशी पाहिलं. आई प्रत्येक भांडणात ते उकरून काढायची आणि मुलाच्याही मनात ते कुसळासारखं रुतून होतं. आज सकाळीच तो बाबांना म्हणाला होता, की सत्तरी उलटली, आता सामानाच्या गाडीतून या. बाबांनी उत्तर दिलं नाही. गळ्याला रुमाल बांधला आणि सवतीला लाथ घातली.

असा माणूस उन्हात उभा राहिला तर उभाच राहील, कोसळेपर्यंत. चष्मेवाल्याच्या डोळ्यांसमोर तेच चित्र आलं.

डॉक्टरीणबाईंनी आपली गाडी सुरू करून त्याच्या हातात दिली आणि स्वतःचं काळ्या काचेचं हेल्मेटही त्याच्या डोक्यात घातलं. बेकरीवाला गावातल्या दवाखान्यात चौकशी करायला धावला. चष्मेवाला निघाला. त्या गाडीचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला होता. पहिल्याच उतारावर त्याने ब्रेक समजून गिअर दाबला, गाडीने हिसका दिला, आणि तो रस्त्याच्या कडेपर्यंत जाऊन कसाबसा सावरला. स्वतःला शिव्या घालत तो फाट्यावर पोचला तेव्हा उन्हं कलली होती.

फाट्यावर बाबा नव्हते.

बाबा जागा सोडून गेले, हे त्याच्या डोक्यात शिरेना. तिथे पंक्चरवाल्याची टपरी होती. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. चष्मेवाल्याने विचारलं तसा तो हात पुसत उठला. होता ना एक म्हातारा, म्हणाला, त्या दगडाशी हात लांब करून उभा. खुर्ची दिली, बसला नाही. पाणी मात्र प्यायला, तेही रस्त्यावरची नजर न काढता.

"मग एक ट्रक गेला भुशाचा," पंक्चरवाला म्हणाला. "तो गेला आणि म्हातारा ओरडलाच. धावला मागे. ट्रकात त्याच्या पोराची गाडी होती म्हणे. हँडलला पोराचं लाल हेल्मेट लटकत होतं, आणि पोरगा कुठेच नाही."

मग ते गेले कुठे, चष्मेवाल्याने विचारलं.

"मी म्हटलं, ट्रक गाठा. तर त्यांची गाडी तापलेली, सुरूच होईना. लाथा मारमारून बेजार. सुरू झाली तोवर ट्रक लांब गेलेला. मग म्हणाले, ट्रकात नुसती गाडी आहे, पोरगा मागेच पडलाय. आणि घाटाकडे गेले, उलटे. मी एवढा म्हातारा माणूस असा रडताना नाही पाहिला हो." पंक्चरवाल्याने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "तुम्ही कोण त्यांचे?"

चष्मेवाल्याने गाडी घाटाकडे वळवली. ताडपत्रीखाली तो सुखाने झोपला होता आणि तेव्हाच रस्त्यावर त्याच्या बापाने त्याला मेलेलं पाहिलं होतं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, पण इथे चिंतायची गरजच नव्हती. लाल हेल्मेट पुरावा म्हणून समोर झुलत गेलं होतं.

घाट चढताना त्याला आणखी एक गोष्ट आठवली. कठड्यावरचं ते पिवळं फडकं. त्याच्याच दुकानातलं, बाबांनी रोज पाहिलेलं, आणि आता रक्ताने माखलेलं. शेजारी म्हातारीने गाळलेल्या तेलाचं थारोळं. गाडी तेल गळत नसेल तर तेल संपलंय असं समजा, हा टोळीतला आवडता विनोद. आज त्या तेलाचा अर्थ बाबा काय लावतील ते सांगायला कुणी नको होतं. आणि कठड्यापलीकडे दरी होती.

ते वळण आलं. कठड्याला लागून सवत उभी होती. स्टँडवर नीट लावलेली, पेट्रोलचा कॉक बंद केलेला, हँडलला बाबांचं हेल्मेट लटकत होतं. माणूस कुठेच नव्हता.

रिकामी गाडी बघणं म्हणजे काय असतं, ते त्याला तेव्हा कळलं. तो गाडीवरून उतरला की पडला हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. कठड्यापाशी गेला तर खालच्या झुडपांत सळसळ झाली, दगड घरंगळले आणि एक हात कठड्यावर आला. मग पांढरं डोकं. बाबा गुडघ्यांवर रांगत वर येत होते. पँट फाटली होती, कोपर खरचटलं होतं, मुठीत पिवळं फडकं होतं.

समोर हेल्मेटवाला माणूस दिसताच त्यांनी हात जोडले. या माणसाने साहेबापुढेही कधी हात जोडले नव्हते.

"दादा, जरा थांबता का?" ते म्हणाले. "खाली माझा मुलगा पडलाय. माझे गुडघे पोचत नाहीत तिथवर. तुम्ही तरणे आहात, तुम्ही उतरा."

चष्मेवाल्याने हेल्मेटचा पट्टा ओढला. तो सुटेना. बाबा तेवढ्यात खाली बोट दाखवून सांगत होते, त्या मोठ्या दगडापर्यंत मी जाऊन आलो, तिथे नाही, त्याच्याही खाली असेल, हाक मारली तर ओ देत नाही. शेवटी त्याने पट्ट्यासकट हेल्मेट ओढून काढलं, कान सोलवटला.

"बाबा, मी इथे आहे."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग दरीकडे पाहिलं आणि पुन्हा त्याच्याकडे. ते पुढे आले नाहीत. त्यांना दोन मुलगे दिसत होते, एक खाली, एक समोर, आणि यातला खरा कोणता ते ठरत नव्हतं. मग ते रस्त्यावर, त्या तेलातच खाली बसले.

तो धावत त्यांच्याजवळ बसला. बाबांनी त्याचा हात धरला, चाचपत सोललेलं बोट शोधलं आणि त्यावर अंगठा जोरात दाबला. तो कळवळला.

"दुखतंय?" बाबांनी विचारलं.

"दुखतंय, बाबा."

"बरं झालं," बाबा म्हणाले आणि त्यांना रडू कोसळलं.

त्याने सगळं सांगून टाकलं. ट्रक, ताडपत्री, झोप, आणि बापासमोरून न बघता पुढे गेलेलं शेपूट. बाबांनी शिव्या द्याव्यात, कानाखाली वाजवावी, असं त्याला मनापासून वाटत होतं. पण बाबा ते पिवळं फडकं चुरगाळत ऐकत होते. मग ते एखादं पाप सांगावं तसं म्हणाले, "मी वळण सोडलं रे."

त्याला आधी समजलंच नाही.

"शेपूट आलं नव्हतं, तरी सोडलं. मागून कुणी येऊन चुकलं असेल तर?"

पोराच्या जन्मालाही ज्याने केबिन सोडली नव्हती तो माणूस त्याच्यासाठी जागा सोडून उलट दिशेने धावला होता, आणि त्याची मनाला टोचणी लावून घेऊन बसला होता. चष्मेवाल्याला हुंदका आवरेना. "मागे कुणी नव्हतं, बाबा," तो म्हणाला. "शेवटचा मीच होतो."

अंधारायला लागलं होतं. बाबांच्या पायात सवतीला लाथ घालण्याची ताकद उरली नव्हती, म्हणून ती त्याने सुरू करून दिली. त्याने सुचवलं की बाबांनी पुढे व्हावं, तो मागून येईल. बाबांनी मान हलवली. "तू पुढे हो. मला तू दिसत राहायला हवास."

फाट्यावर आल्यावर तो सवयीने थांबला. गाडीवरून उतरून त्या दगडाशी उभा राहिला आणि मुक्कामाच्या रस्त्याकडे हात लांब केला. पंक्चरवाला टपरी बंद करता करता थांबून बघत होता. सवतीचा दिवा असा होता की तो लागलाय का हे बघायला दुसरा दिवा लागायचा, पण तो घाटाच्या वळणावर दिसला आणि हळूहळू जवळ आला. नियमाने बाबांनी मान डोलवायची होती आणि मग दोघांनी मिळून निघायचं होतं. त्यांनी मान डोलावली नाही. ते त्याच्या शेजारी येऊन थांबले, त्याचा लांब केलेला हात धरला आणि सोललेल्या बोटावर पुन्हा एकदा अंगठा दाबून पाहिला.