वाकोल्याची गिरणी अंधेरीला गेली

नाकाला गरम पिठाचा वास येतोय का, मित्रांनो? येत असेल, तर तुम्ही माझ्या दारात पोहोचलात. मी वाकोल्याच्या एका अरुंद गल्लीतली जुनी पिठाची गिरणी. पोटात दोन गोल दगड, डोक्यावर पत्र्याचं टोपलं, कमरेला पट्टा आणि पुढे कापडाची लांब बाही, जिच्यातून पीठ डब्यात उतरतं. वय विचाराल तर चाळीस. दात मात्र अजून शाबूत आहेत.

माझा जन्म गुजरातमधल्या एका कारखान्यात झाला. ट्रकच्या पाठीवर बसून मी मुंबईला आले आणि सहदेव घाडी यांच्या पदरी पडले. सहदेव मूळचे कोकणातले. परळच्या कापडगिरणीत कामाला होते, ती गिरणी बंद पडली आणि साठवलेल्या पैशांतून त्यांनी मला आणलं. "एका गिरणीन हात सोडल्यान, दुसऱ्या गिरणीन धरल्यान," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला मालवणीत सांगत. पहिल्या दिवशी मला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मग चार बोल्टांनी मला जमिनीला असं घट्ट बसवलं, की त्यानंतर मी एक वीतही हलले नाही. निदान परवापरवापर्यंत तरी मला तसंच वाटत होतं. ती गंमत पुढे सांगते.

माझ्या पिठाची पोळी फुगते, असा माझा लौकिक होता. रविवारी डब्यांची रांग गल्लीच्या तोंडापर्यंत जायची. पुढे तयार पिठाच्या पिशव्या आल्या, घरोघरी छोट्या चक्क्या आल्या, आणि रांग आखडत आखडत माझ्या पायरीशी आली. सहदेवांच्या छातीत पीठ बसलं, खोकला जडला. तेव्हा त्यांची मुलगी दिशा माझा खटका दाबायला उभी राहिली. त्याला आता बारा वर्षं झाली.

दिशाला मी तिच्या लहानपणापासून ओळखते. तिच्या फ्रॉकच्या मागचं लेबल कापल्याशिवाय ती तो अंगात घालत नसे. लग्नात बँड वाजला, की ती कान दाबून जेवणाच्या टेबलाखाली शिरायची. पण माझ्या घरघरीत मात्र भिंतीला पाठ लावून गाढ झोपायची. पाच वर्षांची असताना डोळे मिटून सांगायची, "बाबा, आता ज्वारी. आता गहू." कधी चुकली नाही. एकदा म्हणाली, "बाबा, थांबव. खडा आहे." सहदेवांनी मला थांबवलं, तर खरंच एक खडा दगडांत जायच्या बेतात होता.

मोठेपणी तिनं माझा कारभार मोठा शिस्तीचा केला. डबे एका रेषेत, सगळ्यांच्या कड्या रस्त्याकडे. चकलीची भाजणी दळून झाली, की मूठभर तांदूळ माझ्यातून काढायचे आणि मगच पुढचा डबा. नाहीतर गव्हाच्या पिठाला धण्याजिऱ्याचा वास लागतो. सगळेच गिरणीवाले काही एवढी काळजी घेत नाहीत. दिशा घ्यायची, आणि कुणी घाई केली तर सरळ म्हणायची, "नाही."

पण गिऱ्हाइकांना नुसतं चांगलं पीठ नको असतं, दोन गोड शब्दही हवे असतात. ते दिशाला जमत नसत. ती बोलणाऱ्याच्या डोळ्यांत बघत नसे. समोरच्या इमारतीतल्या मृणालिनीकाकू तर रोज टोमणा मारत. "काय गं, तोंडात पीठ भरलंय का? बोल की काहीतरी!"

"नाही काकू. पीठ तोंडात गेलं तर खोकला येतो," दिशा गंभीरपणे सांगायची.

काकू कपाळावर हात मारून निघून जात. मग दिशा माझ्या पत्र्यावर तळहात ठेवून उभी राहायची. संध्याकाळी शटर ओढताना ती इतकी दमलेली असायची, की दमायला दळण मी दळलं की तिनं, असा मला प्रश्न पडे. खरं तर ती दळून दमत नव्हती. गिऱ्हाइकांसमोर दिवसभर उसनं हसू आणून दमत होती.

यंदा पावसाळ्यात गंधाली नावाची एक बाई दळण घेऊन आली. सोबत तिची दहा वर्षांची मुलगी प्रांजल. मुलीच्या तपासणीसाठी गंधालीला एक लांबलचक अर्ज भरायचा होता, म्हणून ती रांगेत बसून प्रश्न मोठ्यानं वाचत होती. "कपड्यांची लेबलं टोचतात का? अचानक बेत बदलला तर त्रास होतो का? बोलताना डोळ्यांत बघणं अवघड जातं का?"

दिशानं मला बंद केलं. अर्ध्या डब्यावर मला बंद करायची तिची कधीच रीत नव्हती.

"हे माझ्याबद्दल कुणी लिहिलंय?" तिनं विचारलं.

गंधाली आधी हसली आणि मग हसायची थांबली. तिनं समजावून सांगितलं, ते मी तुम्हालाही सांगते. काही माणसांच्या मेंदूची घडण जन्मापासूनच निराळी असते. आवाज, स्पर्श, माणसांचं बोलणं हे सगळं त्यांच्यापर्यंत वेगळ्या वाटेनं पोहोचतं. याला ऑटिझम म्हणतात. तो ताप-खोकल्यासारखा आजार नव्हे. आणि पुष्कळांना तो आपल्यात आहे हे मोठेपणीच कळतं.

अंधेरीला डॉक्टर मधुवंती म्हणून मानसतज्ज्ञ होत्या, मोठ्यांचीही तपासणी करणाऱ्या. दिशानं नाव नोंदवलं. तीन महिन्यांनी तारीख मिळाली, आणि ती नेमकी दिवाळीच्या आधीच्या गुरुवारची! म्हणजे ऐन भाजणीच्या दिवसांतली. ती चुकली तर पुढची तारीख थेट उन्हाळ्यात. शिवाय डॉक्टरांचा निरोप होता, की लहानपणी तुम्हाला पाहिलेलं कुणीतरी सोबत आणा. दिशाची आई आता नाही. राहिले सहदेव. मी मनात म्हटलं, मला न्या ना! पण बोल्ट चार, आणि चारही घट्ट.

सहदेव ऐकेनात. "तुका काय झालाहा गो? तू शाणी आसस. लोक उगाच येडी म्हणतीत."

"बाबा, लोक आताही म्हणतात," दिशा म्हणाली. "मी वाईट आहे की वेगळी, एवढंच मला कळायला हवंय. छत्तीस वर्षं झाली. आणखी किती थांबू?"

सहदेव खोकत बाहेर जाऊन बसले. हो म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दिशानं खडू घेतला आणि दारावरच्या फळ्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलं: "गुरुवारी गिरणी बंद राहील. मी ऑटिझमची तपासणी करायला जाणार आहे. भाजणी बुधवारी किंवा शुक्रवारी दळून मिळेल."

सहदेवांनी वाचलं आणि ते ताडकन उठले. "अगो, असा फळ्यार लिहितत काय? घरगुती काम आसा म्हणान लिही! गिऱ्हाईक पळतला!"

"पण काम घरगुती नाही. आणि सगळे कारण विचारणारच. चाळीस वेळा सांगण्यापेक्षा एकदा लिहिलेलं बरं."

माझे दगड थरथरले, मित्रांनो. अशी गोष्ट लोक शेजारच्यांपासूनही लपवून ठेवतात, आणि या पोरीनं ती भाजणीच्या वेळापत्रकासोबत लिहून टाकली! त्या दिवशी फळा वाचून दोघंजण डबा न ठेवताच परत गेले. एकीनं दुसरीच्या कानात काहीतरी सांगितलं. मग मृणालिनीकाकू आल्या. चष्मा लावून त्यांनी फळा मोठ्यानं वाचला, शेवटच्या शब्दापर्यंत.

"म्हणजे मी रोज बडबडते, त्याचा तुला त्रास होत होता?" काकूंनी विचारलं.

"हो," दिशा म्हणाली.

"बघा!" काकू रांगेकडे वळल्या. "इतकं सरळ उत्तर माझ्या सुनेनं बारा वर्षांत दिलं नाही! अगं, आधी सांगायचंस ना. माझी भाजणी बुधवारी सकाळी हं, पहिला नंबर." आणि जाताना स्वतःच्याच तोंडावर बोट ठेवून गेल्या. दहा पावलं गप्प राहिल्या. अकराव्या पावलाला गंधाली भेटली आणि त्यांचं मौन सुटलं.

बुधवारी सकाळी दिशानं शटर वर केलं आणि जागच्या जागी उभी राहिली. पायरीपासून गल्लीच्या तोंडापर्यंत डबेच डबे! स्टीलचे, पितळेचे, रंग उडालेले बिस्किटांचे. गुरुवारची भाजणी बुधवारीच दारात आली होती. परत गेलेल्या त्या दोघांपैकी एकाचाही डबा होता. आणि मित्रांनो, सगळे डबे एका रेषेत होते. सगळ्यांच्या कड्या रस्त्याकडे. दिशानं लावले नव्हते. लोकांनीच तसे लावले होते.

सहदेव गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन ती रांग बघून आले. मग त्यांनी लेकीला हळूच विचारलं, "उद्या किती वाजता निघाचा?"

त्या दिवशी मी जीव तोडून दळलं. धण्याजिऱ्याच्या वासानं गल्ली भरून गेली. शेवटी एकच डबा राहिला, गव्हाचा. तो दळताना दिशानं आपला फोन माझ्या कुशीशी धरला आणि चांगली वीस मिनिटं तशीच उभी राहिली. ती काय करते आहे, ते मला काही उमजलं नाही.

गुरुवारी शटर खाली. भाजणीच्या दिवसांत मी प्रथमच रिकामी बसले होते. दुपार सरता सरेना. संध्याकाळी कुलूप खडखडलं आणि बापलेक आत आले. त्यांच्या पाठोपाठ मृणालिनीकाकू आल्याच. त्या बहुधा खिडकीतच बसून होत्या.

"काय म्हणाल्या डॉक्टर?"

"अजून एकदा जायचंय. मग अहवाल देतील," दिशा म्हणाली. तिचा चेहरा दमलेला होता, पण उजळला होता.

सहदेवांना मात्र सगळं सांगायची कोण घाई! तिथे बाहेर बसायच्या खोलीत टीव्ही चालू, फोन वाजतायत, एक लहान मूल रडतंय. दिशाचा चेहरा पांढरा पडला. ती उठून परत निघणार, असं त्यांना वाटलं. इतक्यात तिनं इअरफोन काढून कानात घातले, डोळे मिटले आणि तिचा श्वास हळूहळू शांत झाला.

"मी म्हटलंय, गाणा ऐकता की काय? तिच्या कानातला एक बोंडूक काढून माझ्या कानात घातलंय," सहदेव म्हणाले. "तर आमची गिरणी! मी लगेच सांगलंय, गहू!"

ऐकलंत ना, मित्रांनो? चार बोल्ट जागच्या जागी, आणि मी अंधेरीला जाऊन आले!

आत गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "आवाजाचा त्रास होतो का?" दिशा म्हणाली, "नाही, मी गिरणी चालवते." तिनं तिथेच तपासणीची वाट लावली असती. पण सहदेव पुढे सरसावले. बँड, टेबल, लेबल, खडा, भिंतीला पाठ लावून झोपणं, सगळं त्यांनी सांगितलं. बारीकसारीकही विसरले नव्हते. सांगता सांगता मध्येच थबकले आणि म्हणाले, "डॉक्टरानू, जेवणाचा ताट माका पण रोज एकाच जागेर लागता. बँड माका पण सोसना नाय. म्हंजे... माका पण काय?" डॉक्टर मधुवंती हसल्या आणि म्हणाल्या, "आज दिशाबद्दल बोलू. तुमची तारीख वेगळी घ्या." हे ऐकून काकू इतक्या हसल्या, की त्यांनी माझ्या टोपल्याचाच आधार घेतला.

दिवाळीनंतर तीन आठवड्यांनी अहवाल आला. दिशानं मला बंद केलं, माझ्या पायरीवर बसली आणि सगळी पानं वाचली. अहवालात स्पष्ट लिहिलं होतं, की ती ऑटिस्टिक आहे. ती दोनदा वाचून मोठ्यानं हसली. खरं हसू होतं ते, उसनं नव्हे. माझ्या पत्र्यावर हात ठेवून म्हणाली, "वाईट नव्हते गं मी."

आता फळ्यावर कायमची एक ओळ आहे: "दुपारी दोन ते चार बोलू नये. फक्त दळण." तुम्हाला वाटेल, त्या वेळेत कुणी फिरकत नसेल. उलट तीच वेळ सगळ्यांत गजबजलेली! लोक डबा ठेवतात, पायरीवर टेकतात आणि नुसते बसून राहतात. मृणालिनीकाकूही येतात. घरी एवढी शांतता मिळत नाही म्हणतात, अर्थात चार वाजल्यानंतर.

शाळा सुटली की प्रांजलही येते. दिशाच्या बाजूला भिंतीला पाठ लावते, डोळे मिटते. मध्येच एक शब्द म्हणते. "बाजरी." दिशा मान हलवते. त्यांच्या एवढ्याच गप्पा, आणि दोघींनाही त्या पुरतात.

मित्रांनो, जुन्या यंत्राला तेलपाणी लागतं, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी एवढंच मागते, की आधी कान द्या. गेल्या आठवड्यात प्रांजलनं डोळे न उघडताच म्हटलं, "ताई, हिचा आवाज आज जाड येतोय." दिशानं ऐकलं, मला थांबवलं आणि माझ्या दगडांवरून बोट फिरवलं. ते पार गुळगुळीत झाले होते. मी कितीतरी दिवस कण्हत होते, पण गिरणी म्हटली की आवाज करायचीच, असं सगळे धरून चालले होते. दुसऱ्या दिवशी कारागीर आला आणि त्यानं छिन्नीनं ठोकून दोन्ही दगडांना टाकी लावली. नवी धार आली.

त्या संध्याकाळी सहदेवांच्या ताटात पोळी टम्म फुगली. ताट अर्थातच नेहमीच्याच जागी होतं.