मास्तर शहर बघायला जातात

मास्तरांना गावात सगळे मास्तरच म्हणत, पण त्यांनी आयुष्यात कधी फळ्यावर खडू उगाळला नव्हता. ते गाडी शिकवत. डॉक्टर, डॉक्टरांची सून, बँकेतले साहेब, भुसार दुकानाचे दोघे भाऊ, सगळे एके काळी मास्तरांच्या शेजारी घाम पुसत बसले होते. त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक होता. त्या ब्रेकवर मास्तरांचा पाय इतक्या अलगद पडे, की शिकणाऱ्याला वाटावं, गाडी आपणच थांबवली. तसं वाटू देणं हीच खरी शिकवणी, असं मास्तरांचं म्हणणं होतं.

त्यांची बायको पाय बनवायची. म्हणजे ज्यांचा पाय अपघातात किंवा आजारात गेला, त्यांच्या उरलेल्या मांडीचा साचा घ्यायचा, त्यावरून नवा पाय घडवायचा, नीट बसेपर्यंत घासायचा आणि त्या माणसाला उभं करायचं. गावच्या दवाखान्यातल्या एका अडगळीच्या खोलीत ती वर्षानुवर्षं हे करत आली होती. खोली गळायची, साहित्य वेळेवर यायचं नाही, तरी तिने बसवलेले पाय मैलोन्मैल चालायचे. आणि आता कधी नव्हे ते एका मोठ्या शहरातल्या मोठ्या केंद्राने तिला विचारलं होतं. तिकडच्या कार्यशाळेची प्रमुख म्हणून या, पंधरवड्यात कळवा.

"आधी शहर तर बघून येऊ," मास्तर म्हणाले. त्यांना वाटलं होतं, बघितल्यावर आपोआप काहीतरी ठरेल.

हॉटेलात उतरून पैसे उडवण्यात अर्थ नव्हता. बायकोची मावसबहीण त्याच शहरात होती. तिचं घर एवढंसं, की बाहेरच्या खोलीत दोन पाहुण्यांच्या गाद्या घातल्या की दार अर्धंच उघडायचं. पण तिने "ताई, आमच्याकडेच यायचं, सांगून ठेवते" असा दमच भरला होता. तिचा नवरा, म्हणजे मास्तरांचे साडू, हे शहर स्वतःच्या हातांनी बांधल्यासारखे बोलायचे.

"पाहुणे, एक लक्षात ठेवा," पहिल्याच सकाळी त्यांनी चहाचा कप खाली ठेवत सांगितलं. "इथे कुणाला रस्ता विचारायचा नाही. विचारलात की समोरचा ओळखतो, हा नवीन आहे. मग तो मुद्दाम चुकीचा सांगतो."

"मुद्दाम कशाला सांगेल?"

"त्याला तरी कुठे माहीत असतो!" साडू खो खो हसले. "बसचा दिवसाचा पास काढा. चढा, उतरा, कुणी विचारणार नाही. डबा बरोबर न्या. पाण्याची बाटली स्टेशनात भरून घ्या, तिथलं पाणी चांगलं असतं. कमी पैशात शहर बघायचं तर पायात बळ पाहिजे, दुसरं काही नाही."

बायको केंद्र बघायला गेली आणि मास्तर पास काढून बसमध्ये बसले. मुद्दाम पुढचीच जागा धरली, ड्रायव्हरच्या मागची. शहर बघायचं म्हणजे त्यांच्या लेखी रस्ते बघायचे. रस्ते मात्र संपता संपेनात. एका रस्त्यातून दुसरा फुटायचा, दुसऱ्याच्या डोक्यावरून तिसरा जायचा, आणि तिसरा कुठे उतरायचा ते कळायच्या आत बस चौथ्याला लागलेली असायची. गाड्या एकमेकींना इतक्या चिकटून पळत होत्या, की मास्तरांचा उजवा पाय दर थोड्या वेळाने बसच्या पत्र्यावर आपसूक दाबला जायचा. शेजारच्या बाईने पाय आखडून घेतले आणि विचारलं, "पेटका आला का?"

"नाही, सवय आहे," मास्तर म्हणाले. तिला काही समजलं नाही.

दुपारी दोघं एका बागेच्या बाकावर डबा खायला भेटली. बायकोला घास गिळायलाही फुरसत नव्हती. "अहो, काय कार्यशाळा आहे! साचे वाळवायला वेगळी खोली. घासायची यंत्रं चार. आणि चालायला शिकवायला लांबच लांब दालन, दोन्ही बाजूंना कठडे. तिथे एक बाई आज पहिल्यांदा उभी राहिली. मला कुणी ओळखतही नव्हतं, पण मी पुढे होऊन तिचा हात धरला. राहवलंच नाही." बोलता बोलता ती हसत होती. मास्तर तिच्याकडे बघत राहिले. गावच्या त्या गळक्या खोलीतून ती रोज घरी यायची तेव्हा आधी खुर्चीत बसून डोळे मिटायची. हे हसू त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

मग दोघं घरं बघायला निघाली. दलाल जाडजूड होता. प्रत्येक जिन्यावर थांबून "घर मात्र फर्स्टक्लास" असं म्हणत दम घ्यायचा. पहिली जागा हवेशीर आहे म्हणून त्याने खिडकी उघडली, तर हाताच्या अंतरावर दुसऱ्या घराची न्हाणी होती आणि आत कुणीतरी मन लावून गुळण्या करत होतं. दुसरी जागा मात्र खरंच बरी निघाली. दोन खोल्या, छोटी गॅलरी, समोर एक झाड, आणि तिथून केंद्र चालत गाठण्याजोगं. बायको भिंतींवरून नजर फिरवत होती. "इथे कपाट. इथे तुमची खुर्ची."

"माझी खुर्ची कशाला? मी काय दिवसभर बसून राहणार आहे?"

"संध्याकाळची म्हणतेय मी," ती घाईने म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मास्तर केस नीट विंचरून एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेले. त्याची पाटी त्यांनी आदल्या दिवशी बसमधून हेरून ठेवली होती. मालकीणबाई चाळिशीच्या, बोलायला मोकळ्या. मास्तरांनी आपलं सगळं सांगितलं. बाईंनी मध्येच न तोडता ऐकलं, पाणी मागवलं. "अनुभवी माणूस मला हवाच आहे," त्या म्हणाल्या. "तरणी पोरं शिकणाऱ्यांवर खेकसतात. चला, एक चक्कर मारू. तुम्ही चालवा, मी शेजारी बसते."

शेजारी म्हणजे मास्तरांच्या जागेवर. मास्तर गाडीत बसले, आरसा सारखा केला, पट्टा लावला. सुरुवात झोकात झाली. गिअर असा पडला की बाईंनी मान डोलावली. पहिला सिग्नल, दुसरा सिग्नल. "पुढून उजवीकडे घ्या," बाई म्हणाल्या. मास्तरांनी उजवीकडे जायला बघितलं, तर उजवीकडची रांग आधीच भिंतीसारखी उभी. इंडिकेटर दिला. कुणी जागा देईना. गावात इंडिकेटर दिला की लोक थांबून हात करायचे, "या मास्तर!" इथे तो टिकटिकत राहिला आणि मास्तर सरळ ढकलले गेले. सरळ म्हणजे उड्डाणपुलावर.

"हरकत नाही, पुलावरून उतरून वळू," बाई म्हणाल्या.

पूल उतरायला तयारच नव्हता. उतरला तो एका भल्या मोठ्या गोल चौकात. पाच रस्ते, पाचही बाजूंनी गाड्या, आणि कोणाची पाळी ते सांगायला कुणी नाही. मास्तर शिरायला गेले, थांबले, पुन्हा शिरले. मागून एकाने हॉर्न वाजवला, मग सगळ्यांनीच. डावीकडून एक ट्रक आला. मास्तरांनी तो पाहिला. अगदी नीट पाहिला. पण आता काय करायचं हे त्यांच्या पायांना कोणी सांगेना. पाय लाकडाचे झाले होते.

गाडी थांबली. मास्तरांनी ब्रेक दाबलेला नव्हता.

ट्रक नाकासमोरून गेला. क्लच न दाबल्याने गाडी बंद पडली होती. मास्तर स्टिअरिंग धरूनच बसले, तेव्हा चावी बाईंनाच फिरवावी लागली. चौक पार झाल्यावर गाडी एका बाजूला लावायला सांगून बाई म्हणाल्या, "होतं असं. नवीन शहरात सगळ्यांचं होतं."

"माझं कधी झालं नव्हतं," मास्तर म्हणाले.

"खरंय." बाईंनी जरा विचार केला. त्यांना दुखवायचं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, आणि त्यामुळेच ते जास्त लागलं. "असं करा, आधी रस्ते अंगवळणी पडू द्या. हवं तर आमच्याकडेच काही दिवस शिका. फीमध्ये सवलत देईन. सहा-आठ महिन्यांनी बघू."

मास्तर "बरं" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? परत येताना बाईंनी गाडी चालवली. मास्तर शेजारी बसून राहिले, पायाशी ब्रेक होता, तरी त्यांनी दोन्ही पाय मागे ओढून घेतले होते.

संध्याकाळी बायकोने विचारलं, "काय म्हणाल्या?"

"बघू म्हणाल्या."

"म्हणजे हो की नाही?"

"बघू म्हणजे बघू." ते जरा चढ्या आवाजात बोलले आणि लगेच ओशाळले. आत मावसबहीण भांडी आपटायची थांबली.

बायको त्यांच्याशेजारी गादीवर येऊन बसली. "हे बघा," ती हळूच म्हणाली, "तुम्ही नाही म्हणालात तर मी नाही कळवीन. मनापासून सांगते. जबरदस्ती नाही."

तिने भांडून, रडून, हट्ट करून मागितलं असतं तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटलं. मग त्यांनाही भांडता आलं असतं. आता सगळं ओझं त्यांच्या एका शब्दावर येऊन पडलं, आणि तो शब्द काही केल्या तोंडातून निघेना. नाही म्हणावं, तर आयुष्यभर रोज संध्याकाळी तिचे मिटलेले डोळे बघायचे. हो म्हणावं, तर आपण कोण?

तिसऱ्या दिवशी ते एकटेच त्या झाडासमोरच्या जागेकडे गेले. खोट काढायलाच गेले होते. पाण्याची ओरड असेल, शेजार भांडखोर असेल, गटार तुंबत असेल, काहीतरी असेलच. खालच्या किराणावाल्याला विचारलं, तो म्हणाला पाणी सकाळ-संध्याकाळ येतं. इस्त्रीवाल्याला विचारलं, तो म्हणाला भाडेकरू सगळे नोकरदार, कोण कुणाच्या अध्यात ना मध्यात. पायऱ्यांवर बसलेल्या एका आजोबांना विचारलं, तर ते त्यांना हाताला धरून दवाखाना, वाचनालय, बसचा थांबा, सगळं दाखवून आले, तेही बरोबर रस्त्याने. "रिटायर होऊन येताय ना? फार छान वाटेल," आजोबा म्हणाले. मास्तरांच्या मिशीत अजून एकही केस पिकलेला नव्हता. त्यांनी काही दुरुस्त केलं नाही. शहरही त्यांच्या बाजूने बोलायला तयार नव्हतं.

त्या दिवशी जेवताना साडूंनी विषय काढलाच. "मग पाहुणे, काय ठरलं?"

सगळ्यांचे हात थबकले. बायको पाण्याचा पेला धरून बसली होती.

"मला इथे गाडी चालवता येत नाही," मास्तर म्हणाले. त्यांना हे बोलायचं नव्हतं, पण दुसरं काही तोंडात आलंच नाही.

साडू हसले. "एवढंच ना! अहो, मी तर इतकी वर्षं इथे आहे, मला सायकलही येत नाही. काय अडलंय?"

मावसबहीणही हसली. बायको हसली नाही. तिने पेला खाली ठेवला आणि आणखी काही वाढून न घेता उठली.

दुसऱ्या दिवशी परतीची गाडी दुपारची होती. मोठ्या बसस्थानकात बाकं भरलेली होती, म्हणून दोघं बॅगांवरच बसली. बायको म्हणाली, "परवा का नाही सांगितलंत?"

"सांगून काय झालं असतं?"

"काही नाही," ती म्हणाली. "मी पहिल्याच दिवशी होकार देऊन आले होते." आणि मग तिचा बांध फुटला. "त्यांनी विचारलं, येणार ना? आणि मी हो म्हणून गेले. तुम्हाला विचारायचं ते मी खरंच विचारलं हो, पण मला वाटलं होतं तुम्ही हो म्हणाल. नाही म्हणाला असतात तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. देवाशप्पथ माहीत नाही."

आजूबाजूचे लोक बघू लागले. मास्तरांनी खिशातला रुमाल तिला दिला. आता आपल्याला राग यायला हवा, असं त्यांना वाटलं. ते थोडा वेळ त्याची वाटही बघत बसले. पण राग कुणावर धरायचा? तिने होकार द्यायच्या आधी विचारलं असतं, तरी आपण शेवटी होच म्हणालो असतो. ते त्यांना तेव्हाही ठाऊक होतं.

"पुस तोंड," ते म्हणाले. "गाडी लागली."

तिला खिडकीजवळची जागा दिली आणि ते कडेला बसले. मग घरं विरळ झाली, मोकळी शेतं लागली, आणि बायको रुमालाच्या घड्या घालत म्हणाली, "तुमच्या दादांना कोण सांगणार?"

दादा म्हणजे मास्तरांचे थोरले भाऊ. शेजारच्याच घरात राहायचे, आणि बायकोच्या नोकरीपायी गाव सोडणाऱ्या पुरुषांबद्दल त्यांची मतं सगळ्या आळीला पाठ होती.

"मी सांगतो," मास्तर म्हणाले.

"काय सांगाल?"

"बघतो."

तिने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि थोड्या वेळाने तिला झोप लागली. मास्तर समोरच्या रस्त्याकडे बघत मनातल्या मनात वाक्य जुळवू लागले. मी शहर बघून आलो, मला पसंत पडलं. नाही, असं नको. बरेच दिवस माझ्याच मनात होतं. हेही दादांना खरं वाटणार नाही. गाव येईपर्यंत त्यांनी ते वाक्य किती तऱ्हांनी फिरवून पाहिलं, पण निर्णय आपला होता असं वाटावं, असं एकही जुळलं नाही.