वळणावर टेकलेला कान

हे कुणाला पटणार नाही, मला ठाऊक आहे. शिरूर अनंतपाळच्या चौकातल्या हॉटेलात पंचवीस जणांना मी ते सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी पंचवीसही जण दुसऱ्या हॉटेलात जाऊन बसले.

सव्विसावी पंचशीला. पोरगी लातुरात गॅरेज चालवते आणि मातीच्या ट्रॅकवर मोटारसायकलींच्या शर्यती खेळते. मागच्या आठवड्यात सरावात तिची गाडी वळणावर आडवी झाली. तिनं हँडल न सोडता, गुडघा टेकवून, गाडी तशीच उभी केली. कुणीतरी ते मोबाईलवर टिपलं, जिल्हाभर फिरवलं. वाहवा सगळ्यांनी केली, सुजलेला खांदा फक्त तिच्या आईनं पाहिला. आता रविवारी शर्यत, आणि पोरगी म्हणे, परत तसंच करून दाखवते. तिची आई सुमनबाई माझ्याकडं आली. म्हणाली, आबा, तुम्ही एकेकाळी शर्यत खेळलेले, तुमचं ती ऐकंल. घसरली तर गाडी सोडून दे, एवढं तिच्या डोक्यात घाला.

उपदेश मला जमत नाही. मी पंचशीलेला चहाला बोलावलं आणि गोष्ट सांगितली.

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा होता. नांदेडवाले आम्हाला कालचं पोर म्हणायचे. त्यात दुष्काळ पडला. हद्दीवरचं तळं असं आटलं की त्याच्या तळातच दोन्ही जिल्ह्यांची मोटारसायकल शर्यत ठेवली. बक्षीस काय, तर जिंकेल त्याच्या गावाला पंधरा दिवस पाण्याचा टँकर. गावानं मला उभं केलं, कारण राजदूतला दोन्हीकडं घागरी बांधून चार कोसांवरून पाणी आणायचो मी, आणि थेंब सांडला तर घागरीलाच विचारायचो, काय गं, कुठं धक्का लागला?

नांदेडकडच्या बिलोलीचा मलप्पा माझ्या पुढं होता. वळणावर मुरूम टाकलेला, तिथं त्याचं मागचं चाक सरकलं. त्यानं हँडल गच्च धरून ठेवलं. सरकत्या चाकानं एकदम जमीन धरली, आणि बुजलेल्या खोंडानं फेकावं तसं गाडीनं त्याला वर फेकलं. कमरेतून गेला गडी. नंतरची शेती त्यानं बांधावर बसून, हाका मारून केली.

"त्याला धरता आलं न्हाई," मी पंचशीलेला म्हणालो. "त्याच वळणावर माझंबी चाक सरकलं. पण म्या ह्या हातानं सोडलं न्हाई, ना ह्या हातानं." आणि दोन्ही पंजे तिच्यापुढं धरून दाखवले.

गाडी इतकी झुकली की माझा उजवा कान जमिनीला टेकला. तसाच अर्धा फर्लांग कान घासत गेलो. आणि ऐकू आलं. खाली पाणी वाहत होतं, खळखळ, चांगलं मनगटाएवढ्या धारेचं. गाडी सरळ केली, शर्यत जिंकली, आणि बक्षीस द्यायला आलेल्या साहेबांना म्हणालो, तुमचा टँकर नेऊन सोडा परत, आम्हाला फक्त कुदळी द्या. पंधरा हातांवर पाणी लागलं. पुढं नांदेडवाले घागरी घेऊन रांगेत उभे राहिले. कालच्या पोरानं त्यांना पाजलं.

गोष्ट इथवर आली की ऐकणारा विचारतो, मग कान शाबूत कसा? पंचवीसही जणांनी विचारलं होतं. त्याचं उत्तर माझ्याकडं तयार आहे, आणि ते मूळ गोष्टीपेक्षा सरस आहे.

पंचशीलेनं कानाकडं पाहिलंच नाही. कपबशी बाजूला सारली, माझे दोन्ही हात ओढून उजेडात घेतले आणि झिजलेलं टायर तपासावं तसं अंगठ्यानं तळवे दाबून पाहिले. कातडीखाली निळे-काळे ठिपके आहेत तिथं, चाळीस वर्षांचे.

"आबा, हँडल सोडलंच न्हाई म्हणता. मग दोन्ही तळव्यांत हा मुरूम कसा शिरला?"

मी हात ओढायला गेलो. तिनं सोडले नाहीत.

"सोडलं होतं तुमी. पडलात, घसरत गेलात, अन् उठून घरी आलात, म्हणून तर इथं बसून खोटं बोलताय. धरलं ते मलप्पानं." मग तिनं माझे हात अलगद टेबलावर ठेवले. "आईला सांगा, मीबी सोडीन."