शिट्टीच्या पाटीपुढचं फाटक

मला आता कुणी उघडत नाही आणि कुणी बंदही करत नाही. तरी मी फाटकच आहे, मित्रांनो. कुर्वेल गावचं, रेल्वेचं, एक जुनं लोखंडी फाटक. आज माझ्या अंगावर जिरेनियमच्या सहा कुंड्या टांगलेल्या आहेत. त्या मी मागितल्या नव्हत्या. लोक जाता जाता माझा फोटो काढतात आणि म्हणतात, "किती गोड!" मला गोड व्हायचं नव्हतं. मला रस्ता अडवायचा होता.

माझा जन्म रेल्वेच्या कारखान्यात झाला. मला आणि माझ्या जुळ्या भावाला एकाच दिवशी लाल-पांढरा रंग दिला आणि रुळांच्या दोन बाजूंना उभं केलं. गाडी आली की आम्ही दोघांनी रस्ता बंद करायचा, गाडी गेली की उघडायचा. काम सोपं होतं, पण चूक चालणार नव्हती.

आम्हाला ढकलायला लेओनी आली ती विसाव्या वर्षी, नवी नवरी म्हणून. नवरा एमिलियाँ रुळांची देखभाल करायचा. फाटक सांभाळणाऱ्या बाईला रेल्वे घर द्यायची, रुळाला अगदी खेटून. गाडी गेली की कपाटातल्या बश्या थरथरायच्या. तिथेच तिचा सगळा संसार झाला. मूलबाळ नव्हतं. मीच होतो.

रूळ जिथे डोंगर कापून केलेल्या खिंडीतून वळून बाहेर येतात, तिथे एक लोखंडी पाटी होती. ती दिसली की इंजिन चालवणाऱ्याने शिट्टी वाजवायची, असा रेल्वेचा नियम. शिट्टी झाली की लेओनी हातातला डाव चुलीवरच्या पातेल्यात तसाच सोडून धावायची. आधी मला ढकलायची, मग भावाला, मग लाल झेंडा घेऊन ताठ उभी राहायची. क्रम ठरलेला. मोटारवाले शिव्या द्यायचे. ती म्हणायची, "द्या, द्या! शिव्या द्यायला जिवंत आहात ना, ते माझ्यामुळे." तीस वर्षांत आमच्या फाटकावर माणूस तर सोडाच, कोंबडीसुद्धा मेली नाही.

मग गाडीच बंद झाली. एके दिवशी माणसं आली आणि माझ्या भावाला भंगारात घेऊन गेली. जात्यातले रडतात, सुपातले हसतात म्हणतात. मी हसलो नाही, पण 'आपण वाचलो' असं मनात आलं खरं. ती लाज अजून आहे. पुढच्याच हिवाळ्यात एमिलियाँ गेला. लेओनी रोज मला तेल देत राहिली. गाडी परत येईल, असं तिला वाटायचं. मलाही वाटायचं, कशाला खोटं बोलू!

गाडी आली नाही. काही वर्षांनी यंत्रं आली. त्यांनी रूळ उपटले आणि त्या जागी बारीक खडी दाबून गुळगुळीत वाट केली. नुसती सायकलवाट. मोटारींना बंदी. या गावाकडून त्या गावाकडे, अक्रोडाच्या झाडांखालून, पांढऱ्या गाईंच्या कुरणांमधून ती पार नदीपर्यंत जायची. साऱ्या वाटेवर मोटारीची गाठ एकाच ठिकाणी पडायची, ती माझ्यापाशी. रूळ उपटत होते तेव्हा लेओनी आठवडाभर खिडकीकडे पाठ करून बसली होती.

पहिल्याच उन्हाळ्यात एक कुटुंब सायकलींवरून आलं आणि करकचून ब्रेक लागल्याचा आवाज झाला. मोटार थोडक्यात थांबली. लेओनी धावत बाहेर आली, छातीवर हात ठेवून. "अगं बाई! या सायकली आवाजच करत नाहीत मेल्या! मला कळणार कसं?" दुसऱ्या दिवशी ती रंगाचा डबा घेऊन वळणावर गेली आणि शिट्टीच्या पाटीखाली लिहून आली, 'सायकलवाल्यांनो, घंटी वाजवा. फाटक बंद होईल.'

आणि ते वाजवू लागले! घंटी झाली की लेओनी मला ढकलायची आणि भावाच्या रिकाम्या जागी स्वतः झेंडा घेऊन उभी राहायची. मोटारी थांबायच्या, सायकली जायच्या. मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली वर्षं. दूरदूरचे लोक वर्षातून एकदा यायचे आणि माझ्या दांड्यावर थोपटून जायचे.

दर शनिवारी यायचे आन्सेल्म मास्तर. शेजारच्या गावच्या शाळेतून निवृत्त झालेले, एकटे, गुडघ्यांनी हैराण. टोपलीत लेओनीसाठी शेळीच्या दुधाचं चीज. घंटीचा ठेका ठरलेला, दोन लांब, एक आखूड. वळणानंतर उतार होता. त्या वेगात ते रस्ता ओलांडायचे आणि थेट लेओनीच्या बाकापाशी थांबायचे.

"काय लेओनीबाई, गाडी वेळेवर आली का?"

"चार मिनिटं उशीर! वर तक्रार करणार आहे मी."

"इंजिन सत्त्याहत्तर वर्षांचं आहे हो."

"मग मध्ये जरा ब्रेक लावावा. उतारावरून कसे येता! एखाद दिवशी माझ्या कॉफीत पडाल."

"ब्रेक कशाला? तुम्ही आहात ना." मास्तर हसायचे. "बाकी जगात मला सगळीकडे थांबून, बघून, घाबरून जावं लागतं. इथे नाही."

लेओनी कॉफी ओतायला वळायची. कपात साखर जास्त पडायची एवढंच.

एका वसंतात, शुक्रवारी दुपारी, गावचा मेयर फिर्मां आला. लेओनीने त्याला लहानपणी माझ्या दांड्यावर बसवून झोके दिले होते, म्हणून तो तिला काकू म्हणायचा. त्याच्या हातात साखळी आणि कुलूप होतं.

"काकू, आता बास झालं. वरून पत्र आलंय. रस्ता मोटारींचा. थांबायचं ते सायकलवाल्यांनी."

"मग त्यांना थांबा म्हणून पाटी लावलीस का?"

"सोमवारी येतेय."

"आणि वळणावर लिहिलंय, घंटी वाजवा, फाटक बंद होईल. ते?"

"ती रेल्वेची जुनी पाटी, गावाचा ठेवा आहे. तिला हात लावायला वेगळी परवानगी लागते. होईल हो सगळं."

"अरे, मग साखळीही सोमवारी घाल की!"

"मी सही केलीय, काकू. नियम म्हणजे नियम."

त्याने मला उघड्या अवस्थेत खांबाला जखडलं. वाईट माणूस नव्हता तो. जाताना माझी धूळही पुसली.

संध्याकाळी लेओनीने मास्तरांना फोन लावायला घेतला. दाराशी उभी होती, मला दिसत होती. नंबर फिरवता फिरवता थांबली आणि फोन ठेवला. "तुमचं फाटक काढून घेतलं, हे काय फोनवर सांगायचं?" ती मलाच म्हणाली. "उद्या कॉफीबरोबर सांगेन. उद्या झेंडा तर आहेच." तिने झेंडा दाराला टेकवून ठेवला.

शनिवारी सकाळी घंटी वाजली. दोन लांब, एक आखूड.

लेओनी धावली. झेंडा उचलून नुसती रस्त्यात उभी राहिली असती तर निभावलं असतं. पण इतक्या वर्षांची सवय, आधी फाटक, मग झेंडा. ती माझ्याकडे आली आणि तिने मला ढकललं. साखळी ताणली गेली. तिला कळेना, तिने पुन्हा ढकललं, खांदा लावून. "चल रे! चल ना!" मी सगळा जोर लावला, मित्रांनो. शपथेवर सांगतो. कुलूप नवं होतं.

माझ्या बाजूने दुधाचा टँकर आला. त्याचा रस्ता मोकळा होता, त्याची काही चूक नव्हती. वळणावरून मास्तर आले. त्यांनी घंटी वाजवली होती, म्हणून ब्रेकवर हात नव्हता.

मास्तर पुन्हा उठले नाहीत. चीज रस्त्यावर पडलं होतं, कागदात नीट गुंडाळलेलं. लेओनी ते उचलून बाकावर बसून राहिली. सगळे तिला सांगत होते, तुझा काही दोष नाही. ती एकच वाक्य म्हणत होती, "मीच त्यांना सांगितलं होतं, फाटक बंद होईल म्हणून."

सोमवारी थांबण्याची पाटी आली. बैल गेला अन् झोपा केला.

त्यानंतर लेओनीने मला तेल दिलं नाही. उन्हाळ्यात तिला वृद्धाश्रमात नेलं. जाताना ती माझ्याजवळ आली, हात पुढे केला आणि न लावताच मागे घेतला. पुढच्या वर्षी मला उपटून गावाच्या तोंडाशी, चौकातल्या गोल हिरवळीत सिमेंटमध्ये रोवलं. शेजारी एक पिवळी रंगवलेली सायकल ठेवली आहे, शोभेला. माझ्याभोवती दिवसभर मोटारी फिरतात आणि मी एकही अडवू शकत नाही. गुरुवारी वृद्धाश्रमाची गाडी जाते. मागच्या खिडकीत लेओनी असते. पहिल्यांदा तिने मान वळवून पाहिलं. आता ती माझ्या बाजूला बसत नाही.

मित्रांनो, फाटकाला तेल द्या, रंग द्या, कुंड्या टांगू नका, असं मी सांगू शकलो असतो. पण आता माझं काय व्हायचं राहिलंय? मला वितळवा, हरकत नाही. एकच करा. कुणाचा पहारा काढून घ्याल, तेव्हा त्याच्या भरवशावर डोळे मिटून येणाऱ्याला त्याच दिवशी सांगा. उद्यावर टाकू नका.

वारा तिकडून असला की मला इथपर्यंत घंटी ऐकू येते. ती वळणावरची पाटी त्यांनी काढली नाही. ठेवा म्हणून नव्या रंगात रंगवली, खालच्या लेओनीच्या अक्षरांसकट. लोक अजून ती वाचतात आणि घंटी वाजवतात. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला गेलात, तर तिथे थांबून त्यांना एवढं सांगाल का, की फाटक आता बंद होत नाही?