एकाच जागेवरून धबधबा

आमच्या ह्यांना अलीकडे माणसाकडे बघून बोलायचा कंटाळा येतो. मी समोर बसून ताटात भाजी वाढत असते आणि हे बोलतात माझ्या कानामागच्या भिंतीशी. "मीठ कमी आहे," असं भिंतीला सांगतात. भिंत कशाला मीठ आणून देते! मीच उठते.

चाळीस वर्षं ह्यांचा फोटो स्टुडिओ होता. हे कॅमेऱ्यामागे आणि मी गिऱ्हाइकाशेजारी. नवऱ्या मुलीची बट सारखी करायची, बाप्यांची कॉलर ओढायची, "हनुवटी खाली" म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. मी बाजूला झाले की ह्यांचा खटका. शाळेत मी तिसरीपर्यंतच गेले, पण कुणाचा चेहरा कुठल्या अंगानं बरा दिसतो ते मला ह्यांच्याआधी कळायचं. हे स्वतः तसं म्हणायचे, चारचौघांत.

स्टुडिओ बंद केला तेव्हा म्हणाले, "माणसं पुष्कळ काढली. आता झाडं काढीन, पाणी काढीन." काढा की. पण दोन वर्षं झाली, पानगळ सुरू झाली की गळ्यात कॅमेरा, खांद्यावर स्टँड आणि सकाळच्या बसनं डोंगरातल्या धबधब्याला. आठवड्यातून चार-चार दिवस. मला एकदाही "येतेस का" नाही. येऊन मी काय करणार होते? पाण्याचा भांग पाडणार होते? पण विचारायला काय तोंड दुखत होतं!

आणि फोटो तरी काय! बाहेरच्या खोलीत अकरा लावलेत. अकराही तेच. डावीकडे पिवळं झाड, उजवीकडे काळा खडक, मधे दुधाची धार सोडल्यासारखं पाणी. पानं तेवढी कधी भरगच्च, कधी निम्मी गळालेली. सून फोनवर म्हणते, "आई, बाबांच्या फोटोंत किती शांतता असते!" असणारच. माणूस औषधाला नाही त्यात. मी दिवसभर त्या अकरा फोटोंसमोर बसते. तिला म्हटलं, दोन दिवस राहायला ये, पोटभर शांतता देते.

पण खरं सांगायचं तर मला धबधब्याचं काही नव्हतं. ह्या वयात ह्या माणसाला मी नकोशी झाले की काय, एवढंच मला एकदा समजून घ्यायचं होतं.

गेल्या मंगळवारी हे बूट घालेपर्यंत मी दारात, डब्याची पिशवी घेऊन.

"तू कुठे?"

"धबधब्याला. का, तुमच्या नावावर आहे तो?"

"चढ आहे. घसरशील."

"घसरले तर फोटो काढा."

हे हसले नाहीत. बसमध्ये बसले ते खिडकीकडे तोंड करून. शेवटी मीच विचारलं, "तिथे कुणी येत नाही का हो? फोटोत एकही माणूस नसतो."

"येतात. पण मी भिंगावर काळी काच लावतो आणि आठ अंक मोजेपर्यंत खटका उघडा ठेवतो. चालता माणूस उमटतच नाही. पाणीसुद्धा म्हणून दुधासारखं होतं. जे जागचं हलत नाही तेवढंच राहतं."

तासाभरात एवढंच बोलले. तेवढ्यानंही मला बरं वाटलं, काय सांगू.

वाट ओल्या पानांनी भरलेली, चहाच्या चोथ्यासारखी. हे पुढे. लोखंडी कठड्याला हात लावला आणि तिथून पावलं मोजत सपाट दगडापर्यंत गेले. दगडात तीन खळगे होते, स्टँडचे तीन पाय बरोबर त्यांत बसवले. लेन्सच्या रिंगवर कानशीनं पाडलेली खाच होती, ती नखानं चाचपली आणि रिंग तिथवर फिरवली. ही युक्ती स्टुडिओतली. तिथे स्टुलाची जागा ठरलेली, म्हणून रिंग खाचेवर आणली की चेहरा स्वच्छ येणारच, बघायची गरज नाही. मला वाटलं, जुनी सवय.

मला मागच्या खडकावर बसवलं. "इथून हलू नकोस," म्हणाले आणि पाठ केली. पाण्याचा आवाज असा की बोलायचं तर ओरडावंच लागेल. वरून पानं येत होती, गिरक्या घेत, आणि पाण्यात पडली की गेलीच. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात एवढं एकटं मला कधी वाटलं नव्हतं. घरी निदान भांडी तरी वाजतात.

मग माझी सटकली. शाल खडकावरच्या पिशवीवर टाकली, कडेकडेनं खाली उतरले आणि बरोबर कॅमेऱ्यासमोर, वीसेक पावलांवर, कमरेवर हात ठेवून उभी राहिले. तोंडावर तुषार. म्हटलं, आता ओरडतील, "बाजूला हो" म्हणतील. म्हणू देत. चाळीस वर्षं बाजूलाच झाले.

हे ओरडले नाहीत. मान वर करून सरळ माझ्याकडे बघितलं, किती महिन्यांनी! मग खटका दाबला. ओठ हलत होते, एक, दोन, तीन. मी पापणीसुद्धा हलवली नाही. आठ.

मग हे स्टँडवरून कॅमेरा काढून वळले आणि खडकावरच्या माझ्या शालीला मोठ्यानं म्हणाले, "छान आला बघ! मधे कुणी कडमडलं नाही!"

आधी वाटलं, चेष्टा करतायत. पण हे कॅमेरा शालीपुढे धरून उभेच. "अगं, बोल की. आवडला नाही?"

वर कशी चढले मला आठवत नाही. ह्यांच्या हातातून कॅमेरा घेतला. त्या इवल्या काचेत दुधाळ पाण्यापुढे मी होते, कोरून काढल्यासारखी स्वच्छ.

"कधीपासून?" मी विचारलं.

माझा आवाज शालीकडून आला नाही, तेव्हा ह्यांना काय ते कळलं. खाली बसले.

"दोन वर्षं होतील. कडेचं दिसतं, म्हणून भिंतीकडे बघून तुझ्याशी बोलतो. जिथे बघावं तिथे, मधोमध, धुकं. डॉक्टर म्हणाले, परत यायचं नाही. धुकं पुरतं दाटायच्या आधी ही एक जागा पाठ झाली होती, म्हणून इथे येतो."

"आणि मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू हाताला धरून खुर्चीत बसवलं असतंस. मुलाला फोन, सुनेला फोन. इथे येऊ दिलं असतंस?"

नसतं दिलं. खोटं कशाला बोलू? पण दोन वर्षं मी आरशापुढे उभी राहून माझं काय चुकलं ते शोधत होते, त्याचं काय?

"फोटोत काय आलंय गं?" ह्यांनी विचारलं. स्टुलावर पहिल्यांदा बसलेल्या गिऱ्हाइकासारखा आवाज.

"मी आलेय. आणि आता ऐका," मी म्हणाले. "डोळे तुमचे गेले, आणि दोन वर्षं आंधळं मला ठेवलंत. हे मी मरेपर्यंत माफ करणार नाही. आणि मरेपर्यंत तुम्हाला इथे एकट्यानं येऊही देणार नाही."