पोटरीवरचे ठिपके

"तुमी तवा सुई बदलत व्हता का, तेवढंच सांगा," सुभाष म्हणाला.

त्याने बाही कोपरापर्यंत गुंडाळली होती. हातावरचा त्रिशूळ सोमनाथने ओळखला. सात वर्षांपूर्वी, ओझरला माघातल्या जत्रेत, चटईवर बसून त्यानेच गोंदलेला. नारायणगावातल्या त्याच्या या गोंदणाच्या दुकानात आता प्रत्येक गिऱ्हाइकासमोर नव्या सुईचं पाकीट फोडलं जाई. तेव्हा एका सुईवर अख्खा दिवस निघत असे.

"झालं काय, भाऊ?"

"बोरीत रक्तदान केलं. रक्तपेढीतनं फोन आला. हिपॅटायटिस बी, रक्तातनं पसरनारी कावीळ. बायकोचं बी तपासा म्हणत्यात." सुभाष उगाच हसला. "डॉक्टरनं इचारलं, कुठं गोंदलंय का? म्हटलं, गोंदलंय की."

"सुई गरम पाण्यात बुडवायचो मी."

"ते दिसलं व्हतं मला. पण आधी सोताच्या पोटरीवर टोचली व्हती तुमी. दुखत न्हाई म्हणून दावायला."

जत्रेतली सोमनाथची ती रीतच होती. माणसं भोवती जमत, पण पुढे कोणी बसत नसे. मग तो पँट गुडघ्यापर्यंत ओढी आणि स्वतःच्या डाव्या पोटरीवर एक ठिपका टोची. लोक हसत, कोणीतरी धीर करून बसे. तीळ सांडल्यासारखी ती पोटरी ठिपक्यांनी भरली होती. आपण सोसल्याशिवाय दुसऱ्याला टोचलं नाही, याचा त्याला अभिमान होता. आता त्याला एकच दिसत होतं: रोग आपल्याच रक्तात असेल, तर आपण तो जत्रेजत्रेत वाटत फिरलो.

दोघे सुभाषच्याच गाडीवरून सरकारी दवाखान्यात गेले.

प्रयोगशाळेतल्या प्रतीक्षाने दोघांचं सगळं ऐकून घेतलं आणि सोमनाथच्या बोटातून थेंब घेऊन एका पांढऱ्या पट्टीवर सोडला. "एक रेघ आली तर नाही. दोन आल्या तर आहे. पंधरा मिनिटं थांबा."

बावीस वर्षं सुईच्या टोकावरून नजर न हलवलेला तो माणूस भिंतीकडे तोंड करून बसला.

"एकच आहे," प्रतीक्षा म्हणाली.

"सुटलो," त्याच्या तोंडून निघालं आणि शेजारी सुभाष बसला आहे हे त्याला उशिरा आठवलं.

प्रतीक्षाने पट्टी कचऱ्याच्या लाल पिशवीत टाकली. "आज तुमच्या रक्तात नाही, एवढंच ही पट्टी सांगते. यांना कशामुळे झालं, तेही नक्की सांगता येणार नाही. पण काका, त्या दिवशी यांच्यानंतर त्या सुईपुढे किती जण बसले?"

"चाळीस-पन्नास," तो म्हणाला. लहान मुलीही होत्या. हनुवटीवर ठिपका काढताना त्यांची डोकी आयांनी घट्ट धरली होती.

फाटकाबाहेर सुभाषने त्याचा हात धरला. "बोभाटा करू नका, राव. घरात कुनी माज्या हातचं पानी पियाचं न्हाई. आन तुमचं दुकान बी बसंल."

"तुमचं नाव कुटं येनार न्हाई."

"मग कुनाचं येनार?"

सोमनाथ हात सोडवून घेऊन दुकानाकडे वळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पांढऱ्या पत्र्यावर ब्रशने ओळी लिहिल्या. दोन अक्षरं पुसून पुन्हा काढावी लागली. स्वतःचं नाव घातलं नाही तरी चालेल, असं एकदा मनात आलं. मग त्याने ते आडनावासकट लिहिलं आणि पत्रा दारावर टांगला. कॉलेजची दोन मुलं पायरीशी थांबली, वाचलं, एकमेकांकडे बघून निघून गेली.

समोर हार विकणाऱ्या प्रयागबाई रस्ता ओलांडून आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं.

"काय लिवलंय रं, सोमनाथ?"

त्याने सगळं वाचून दाखवलं. आधी सुई न बदलता गोंदत होतो. दुकान घेण्याआधी ज्यांनी जत्रेत माझ्याकडून गोंदून घेतलं, त्यांनी रक्त तपासून घ्यावं. सरकारी दवाखान्यात पैसे पडत नाहीत. शेवटी स्वतःचं नाव वाचताना त्याचा आवाज खाली गेला.

प्रयागबाईंनी पदराखालचा उजवा हात बाहेर काढून त्याच्यापुढे धरला. मनगटावर त्यांच्या वारलेल्या मालकांचं नाव होतं, भिमाजी. मकाराची रेघ किंचित तिरकी गेलेली.

"आन ह्ये कवाचं?"

सोमनाथने जत्रेत आपणच गोंदलेल्या त्या अक्षरांकडे पाहिलं. मग दुकानाचं शटर खाली ओढलं आणि चपला पायात सरकवल्या.

"चला मावशी, दवाखान्यात," तो म्हणाला. "मी येतो संगं."

हारांची टोपली ओल्या फडक्याने झाकून त्या त्याच्याबरोबर निघाल्या. चालताना त्यांनी मनगटावर पुन्हा पदर ओढून घेतला.