दोन पंच

वेदिकाचा फोन आला तेव्हा मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होतो. "काका, पंक्चर बंद करायचा तुमचा अर्ज वर मान्य झालाय. आता फक्त पंचनामा राहिलाय. शुक्रवारी अकराला येते. गल्लीतले दोन पंच तेवढे तयार ठेवा, फोन नंबरसकट. रहिवाशांची संमती म्हणून त्यांच्याच सह्या धरतात."

"दोनच ना? ठेवतो की," मी म्हणालो. फोन ठेवला आणि तसाच उभा राहिलो. कुकरच्या चार शिट्ट्या जास्त झाल्या आणि भाताची खीर झाली.

वेदिका आमच्या बांधकाम विभागातली कनिष्ठ अभियंता. 'आमच्या' म्हणायची सवय जात नाही, मला निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी. एकतीस वर्षं मी रस्त्यांवर काढली. दुभाजक मध्येच तोडून गाड्यांना वळायला जी वाट ठेवतात, तिला आम्ही पंक्चर म्हणतो. गंगापूर रोडला आमची गल्ली जिथं मिळते, तिथं समोरच असं एक पंक्चर आहे. गेल्या मार्गशीर्षात माझी बायको सुवर्णा तिथं गेली. रिकामे क्रेट घेतलेला पिकअप भरधाव वळला आणि ती मध्ये सापडली. मी घरी पेपर वाचत होतो. ती कोथिंबीर आणायला निघाली तेव्हा मीच म्हणालो होतो, "आज पंक्चरमधून जा आणि पटकन ये. पोहे गार होतात."

त्यानंतर तिथं दोन स्कूटरवाले पडले. एकाचा खुबा गेला. आता आणखी कुणी मरायच्या आत ते पंक्चर बुजवायचं, एवढं एकच काम मी या जगात शिल्लक ठेवलं होतं.

पंच म्हणजे जागेवर हजर असलेली दोन माणसं, ज्यांच्या डोळ्यांदेखत पाहणी होते. नियमात असंच आहे. बाकीचे काय करायचे ते मी सांगत नाही. माझे पंच ठरलेले होते. एक मुकादम बहिरू, तो आता नाही. दुसरा ऑफिससमोरचा चहावाला लहानू. मी टेबलावर बसून पंचनामा लिहायचो, कागद चहाच्या किटलीबरोबर खाली जायचा आणि सह्या होऊन वर यायचा. 'आम्ही खाली सही करणारे पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की' वगैरे. लहानूनं आयुष्यात किती रस्ते, गटारं आणि खड्डे समक्ष पाहिले असतील त्याला गणती नाही, आणि बिचारा स्टोव्हपासून दहा फूट हलला नव्हता. मला पंच कधी कमी पडले नाहीत.

आता गल्लीतली दोन माणसं हवी होती आणि मला गल्लीत कुणाचं नावच माहीत नव्हतं. घरं माहीत होती, तीसुद्धा अतिक्रमणांवरून. तीन नंबरचा रॅम्प, सात नंबरची शेड, नऊ नंबरनं फुटपाथवर लावलेली जास्वंद. यातल्या निम्म्यांना मी नोकरीत असताना नोटिसा दिल्या होत्या. नोटीस देऊन घरी यायचो, तर तेच लोक आमच्या ओट्यावर बसून सुवर्णाबरोबर हसत असायचे. मला पाहिलं की हसणं थांबायचं. ती गेल्यावर दहा दिवस सगळे आले, डबे आणले, डबे परत नेले. अकराव्या दिवसापासून फाटक मीच उघडतो आणि मीच लावतो.

मंगळवारी रॅम्पवाल्या घरी गेलो. दार उघडणाऱ्या बाईचं नाव संजना, हे मला दारावरच्या पाटीवरून कळलं. बारा वर्षांचा शेजार!

"काकूंची अजून रोज आठवण येते," ती म्हणाली. तिचे डोळे खरंच भरले. "पण काका, पंक्चर बंद झालं तर शाळेचा व्हॅनवाला आत येणार नाही म्हणतो. मग पोराला मी मेन रोडवर उभं करू का?"

मी तिला सिग्नलचं अंतर सांगितलं, वळायला गाडीला किती जागा लागते ते सांगितलं, कुठं उभं राहिलं तर धोका कमी तेही हातवारे करून सांगितलं. ती ऐकत राहिली, मान डोलावत राहिली. माझं सगळं सांगून झाल्यावर मला कळलं की तिनं उंबऱ्याच्या आत या असं म्हटलं नव्हतं, आणि तिच्या पोराचं काय करायचं हेही मी सांगितलं नव्हतं. "विचार करून सांगते," ती म्हणाली. एकतीस वर्षं मीही लोकांना हेच सांगत आलो होतो, त्यामुळे अर्थ समजायला वेळ लागला नाही.

बुधवारी कोपऱ्यावरच्या मुस्तकीमकडे गेलो. त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. हातातली तांब्याची तार बाजूला ठेवून त्यानं खुर्ची पुसून दिली, पाणी दिलं.

"साहेब, पलीकडचं गिऱ्हाईक सिग्नलला वळसा घालून माझ्याकडं येणार नाही. तिकडंच कुणाला तरी मोटर देईल. भाभींसाठी मी काय पण केलं असतं, खरं सांगतो. पण हे पोटावर येतं." मग थोडं थांबून म्हणाला, "एक विचारू? तुम्ही हे पंक्चर उघडलं तेव्हा कागदावर लिहिलं होतं, रहिवाशांची मागणी. मी तेव्हाच गल्लीत विचारलं होतं. मागणी कुणाची होती?"

"कुणाचीच नव्हती."

"मग उघडताना आमची सही लागली नाही, बंद करताना कशी लागते?"

तो रागानं बोलला असता तर बरं झालं असतं. मीही रागावलो असतो. ते मला जमतं. पण तो नुसता विचारत होता.

होय, पंक्चर मीच उघडलं होतं. दुभाजक झाला तेव्हा मला ऑफिसला जायला सिग्नलपर्यंत जाऊन वळून यावं लागायचं. सहा मिनिटं जास्त. सिग्नल इतका जवळ असताना पंक्चर द्यायचं नसतं हे मला शेंबड्या पोरालाही समजावता आलं असतं. तरी माझ्या स्कूटरच्या सहा मिनिटांसाठी मी पंचनामा लिहिला, किटलीबरोबर खाली पाठवला, आणि आठवड्यात वाट मोकळी केली. गल्लीनं त्या वेळी मला पेढे दिले होते. गल्लीनं मला दिलेली तेवढीच एक गोष्ट.

गुरुवारी दुपारी मी लहानूच्या टपरीवर गेलो. कोरा नमुना माझ्याकडे होताच. नवा पंचनामा मी घरी बसून लिहिला होता आणि पंचाच्या पत्त्याच्या जागी माझ्याच घराचा पत्ता घातला होता, म्हणजे लहानू माझा भाडेकरू ठरला असता. सकाळी अर्जात माणसाच्या जिवाची गोष्ट करायची आणि दुपारी हे धंदे! पण शुक्रवार उद्यावर आला होता.

लहानूनं चहा दिला. मी कागद पुढं केला. त्यानं विचारलंच नाही. हात फडक्याला पुसला, कानामागचं पेन काढलं आणि म्हणाला, "कुठं करू, साहेब?"

"वाच तरी."

"तुमी लिवलंय, त्यात मी काय वाचू?" असं म्हणाला खरा, पण मग माझ्या तोंडाकडे बघून थबकला. "कशाचा हाय?"

मी सांगितलं.

"बाई गेल्या तिथलं?" त्यानं स्टोव्ह बारीक केला. "बंद करायचं म्हंता? लय चांगलं हाय. आदीच करायला पायजे हुतं." सहीसाठी वाकला आणि पुन्हा सरळ झाला. "साहेब, ते उघडायच्या कागदावर कुनाची सही हाय?"

खोटं बोलता आलं असतं. तो बारा वर्षांपूर्वीचा कागद शोधायला थोडाच जाणार होता.

"बहिरूची," मी म्हणालो. "आणि तुझी."

त्यानं पेन ग्लासांच्या जाळीवर ठेवलं. "मी तिथं कदी आलोच नाय, साहेब."

"माहीत आहे."

"बाईंनी माज्या पोरीच्या लग्नात दोन दिस भाकऱ्या थापल्या. दर दिवाळीला डबा यायचा माझ्याकडं. आन् मी त्यांच्या..."

"लहानू, दोष माझा आहे."

"तुमचाच हाय," तो म्हणाला. "पन सही माझी हाय ना."

माझा कप अर्धा भरलेला होता. त्यानं तो उचलला, ओतून टाकला आणि विसळायला घेतला. मी कागद खिशात घातला. या शहरात मला हाक मारून चहा देणारा तो एकटाच उरला होता. मी निघालो तेव्हा त्यानं मान वर केली नाही.

शुक्रवारी वेदिका बरोबर अकराला आली. हातात टेप, मागं दोन कामगार. गल्लीतल्या खिडक्यांचे पडदे हलले, फाटक मात्र एकही वाजलं नाही.

"पंच?"

"नाहीत."

"एक पण नाही, काका?" तिनं इतक्या हळू विचारलं की मला तिचा राग आला.

"कीव करू नकोस. जबाब लिहून घे माझा." आणि दुभाजकाला टेकून मी सांगायला लागलो. मागणी कुणी केली नव्हती, पाहणी झाली नव्हती, पंच जागेवर आले नव्हते, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून सह्या केल्या, मजकूर माझा, गरज माझी. तिचं पेन मध्येच थांबलं.

"काका, हे वर गेलं तर तुमच्या सगळ्या पंचनाम्यांवर लोक बोट ठेवतील. एकतीस वर्षांच्या."

"ठेवू देत. पंक्चर बंद होतं का, ते सांग."

तिनं विचार केला. "मंजुरीच खोट्या कागदावर असेल तर ते अनधिकृत ठरतं. मग रहिवाशांची संमती लागणार नाही."

"मग लिही."

मी सही केली. पंचनाम्याखाली मी हजारो सह्या केल्या असतील, पण जागेवर उभं राहून केलेली ही पहिलीच.

तीन आठवड्यांनी काम झालं. सकाळी क्रेन आली, सिमेंटचे ठोकळे बसले, दुपारपर्यंत त्यावर काळे-पिवळे पट्टेही मारून झाले. संजना पोराचा हात धरून मेन रोडला निघाली होती. माझ्याजवळून गेली, पण माझ्याकडे बघितलं नाही. मुस्तकीम दुकानाच्या पायरीवर उभा राहून ठोकळे बघत होता. त्यानं सलाम केला, रोज करतो तसा, आणि आत गेला. मला वाटलं होतं, सुटल्यासारखं वाटेल. तसं काही झालं नाही. रस्ता बरोबर झाला होता आणि घरी जाऊन हे सांगायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भाजी संपली. आता पलीकडे जायचं तर सिग्नलला वळसा घालण्यावाचून इलाज नव्हता. दाराच्या खुंटीवरची सुवर्णाची पिशवी घेतली, तिनं जुन्या साडीची शिवलेली, आणि निघालो. त्या बाजूनं मी पायी कधी गेलो नव्हतो.

सिग्नलपाशी छत्री उभारून एक बाई भाजी घेऊन बसली होती. मी मेथीची जुडी उचलली, तर ती माझ्याकडं नाही, पिशवीकडं बघत होती.

"साहेब ना तुमी? सुवर्णाताईंचे?"

"हो. तुम्ही?"

"मी लंकाबाई. ताईंनी सांगितलं नाय व्हय कदी? रोज यायच्या की. अर्धा-अर्धा तास बसायच्या हितं, ह्या पोत्यावर."

पंक्चर उघडून बारा वर्षं झाली होती आणि सुवर्णा रोज सिग्नलवरूनच जात होती. तिला होणारा उशीर मला पाठ होता, कारण मी घड्याळ बघत बसायचो. वाट कोणती, हे मी कधी विचारलंच नव्हतं. विचारलं नाही आणि त्या दिवशी वर तोंड करून सांगितलं, पंक्चरमधून जा.

"सारकं तुमचंच सांगायच्या," लंकाबाई जुडीची मुळं झटकत म्हणाली. "साहेबांना मेथी निबार चालत नाय, साहेबांचं उन्हात डोकं दुखतं. मी येकदा चेष्टेत म्हनलं, ताई, दुसरं काय बोलनं हाय का नाय तुमाला? हसल्या. पन दुसऱ्या दिवशीपासनं आल्याच नाय. वरीस होत आलं." तिनं जुडी माझ्या पिशवीत घातली आणि पिशवीचा बंद हातातच धरून ठेवला. "राग आला असंल त्यांना. माझं लय चुकलं. तुमी जरा त्यांना इचारा ना, साहेब. म्हनावं लंकाबाईनं माफी मागितलीय."

सिग्नल सुटला, गाड्या गेल्या. पुन्हा लाल झाला. ती बंद धरून माझ्याकडे बघत होती.

"तुमचं काही चुकलं नाही, लंकाबाई," मी म्हणालो, आणि पुढचं सांगायला त्या पोत्यावर खाली बसलो.